सरावाची जोडीदार

१२ फेब्रुवारी, किट्वे

समुपदेशनाच्या एम. ए.ला नाव घातल्यापासून नुसत्या व्याख्या घोकून जीव विटला होता. आज एकदाचा सराव सुरू झाला. मी हौसेने नवं छापील चितेंगे नेसून गेले. डॉ. नालिशेबो मॅडमनी जोड्या लावल्या. आठवड्यातून एकदा एकीने समुपदेशक व्हायचं, दुसरीने आपलं दुखणं घेऊन समोर बसायचं, मग अदलाबदल. दुखणं खरं हवं, रचलेलं चालणार नाही. आणि त्या खोलीत जे बोललं जाईल ते तिथेच राहील, असं मॅडमनी प्रत्येकीला उभं करून वदवून घेतलं. जी हे मोडेल तिला विभागात जागा नाही.

माझ्या वाट्याला तिसाउके आली. पूर्वेकडच्या न्गोनी जमातीची बाई, आधी परिचारिका होती. मी बेम्बा. म्हणजे आमचं थट्टेचं सोयरेपण. पूर्वजांनी एकमेकांची डोकी फोडली, म्हणून आता आम्ही एकमेकांना वाट्टेल ते बोलायचं आणि कोणी रागवायचं नाही, असा रिवाज. खुर्ची ओढता ओढता तिने मॅडमना विचारलं, माकडं खाणाऱ्यांचं दुखणं मला कळेल ना? मी म्हटलं, तोंडातला उंदीर गिळून झाला असेल तर सुरू कर. मॅडमही हसल्या, पण म्हणाल्या की सोयरेपण या दाराबाहेर ठेवायचं.

मी शिकवते त्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या जाचाचं दुखणं सांगितलं. तिसाउकेने निमूट ऐकलं आणि शेवटी विचारलं, "हे तू येताना बसमध्ये तयार केलंस का गं?" मला भयंकर राग आला. आमचे मुख्याध्यापक खरं तर गाईसारखे गरीब आहेत.

१९ फेब्रुवारी

आज खरं सांगून टाकलं.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी, मूल होईना म्हणून, आम्ही दोघं एन्डोलाला डॉक्टरांकडे गेलो होतो. दोष माझ्यात नाही, माझ्या नवऱ्यात, कांगवांमध्ये आहे, असं डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. बाहेर पडल्यावर कांगवांनी माझा हात धरला. खाणीत एवढ्या माणसांना कामाला लावणारा हा माणूस, हात थरथरत होता. म्हणाले, हे आपल्या दोघांत राहू दे. मी हो म्हटलं. तेव्हापासून वांझ म्हणून जे काही ऐकायचं ते मी ऐकते.

मला त्यात फार मोठं काही वाटलं नाही. लग्नाआधी माझ्या नाचिम्बुसाने, म्हणजे मला घरात कोंडून संसार शिकवणाऱ्या म्हातारीने, हेच शिकवलं होतं. नवऱ्याचं जे उघडं पडेल ते बायकोने झाकायचं. इतकी वर्षं झाकलं, आणि आज एका परक्या बाईपुढे उघडं केलं. लाज वाटेल असं धरून चालले होते. उलट हलकं वाटलं. घरी येऊन दोनदा मक्याच्या पिठाची न्शिमा वाढून घेतली.

तिसाउकेने पुस्तकातल्यासारखी मान डोलावली नाही. हात मांडीवर ठेवून बसली होती. शेवटी एवढंच विचारलं, की या सगळ्यात तुला काय हवंय. मी म्हटलं, माझं घर हवंय, आणि कांगवा. सासूने मला त्या घरातून उठवू नये, बाकी बोलायचं ते खुशाल बोलावं.

९ मार्च

कांगवा दर शनिवारी मुफुलिराला आईकडे जातात. तिची तब्येत बरी नसते. आज खूप दिवसांनी मीही गेले.

आमच्याकडे बाईला मुलाच्या नावाने हाक मारतात. सासू म्हणजे बाना कांगवा, कांगवाची आई. पलीकडची बाना म्वाबा. पुरुषांचंही तसंच, बाशी अमका, म्हणजे अमक्याचा बाप. मला काही नाव नाही, म्हणून सासू मला "ए शिक्षिके" म्हणते. आता सवय झाली.

तिच्या सेवेला नात्यातली एक चिशा म्हणून मुलगी आली आहे. नवरा नाही, पण तीनेक वर्षांचा चोला नावाचा मुलगा आहे. मुलगी स्वच्छ आणि अबोल. शेंगदाण्याच्या कुटातली पालेभाजी इतकी छान करते की मी कृती विचारून घेतली. चोला कांगवांना बघताच "ताता, ताता" करत धावला. मुलं काय, कुठल्याही मोठ्या माणसाला बाप म्हणतात. कांगवांनी त्याच्यासाठी बूट आणले होते, पायात चपखल बसले. मी म्हटलं, काय हो तुमचा अंदाज! त्यांना मुलांची किती हौस आहे ते बघून मला आत तुटल्यासारखं झालं.

निघताना सासू म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितल्यावर तरी तू जागा मोकळी करशील असं वाटलं होतं मला."

मी हो-नाही काही केलं नाही. कांगवा छपरावर चढून पत्रा ठोकत होते, त्यांनी ऐकलं नाही. बरंच झालं. बिचाऱ्यांना केवढं लागलं असतं.

१३ मार्च

आज तिसाउकेचं चुकलंच. मी सासूचं बोलणं सांगत होते, त्यावर माझ्या मनाला काय वाटलं हे विचारायचं सोडून ती म्हणे, डॉक्टरांकडे गेला होतात हे सासूला कोणी सांगितलं? मग बुटांचं विचारलं. मग चिशा कोणत्या खोलीत झोपते ते. मी तिथेच सराव थांबवला आणि समुपदेशकाने पोलीस होऊ नये असं तोंडावर सांगितलं. मॅडमना फक्त एवढंच सांगितलं की ही चौकशा करते, तर त्यांनी माझी बाजू घेतली. वर्ष सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच. तिसाउकेने माफी मागितली, आणि बाहेर पडल्यावर म्हणाली की बेम्बांना स्वतःच्या नाकावरची माशी दिसत नाही. मी म्हटलं, दिसली असती तर न्गोनींनी खाऊन टाकली असती. दोघी हसलो. तिच्यावर फार वेळ रागावता येत नाही.

२४ एप्रिल

कांगवा हल्ली माझ्याशी इतकं गोड वागतात की मलाच कानकोंडं होतं. पुढच्या सत्रातलं प्रत्यक्ष काम मी इथल्या इस्पितळात न करता लिव्हिंगस्टनला करावं असं त्यांनी सुचवलंय. तिथे शिकायला जास्त मिळेल म्हणे. शिलाईचं यंत्रही घेऊन जा, भांडी ने, कुणाकडे मागायला नको. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला बायकोला शिकायला पाठवणारे नवरे आमच्या गल्लीत किती आहेत? मला अगदी भरून आलं.

हे तिसाउकेला सांगितलं तर तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "मला हे मॅडमशी बोलायला हवं."

मी साफ नाही म्हटलं. खोलीतलं खोलीत. तिने उभं राहून म्हटलंय.

"म्हटलंय," ती म्हणाली.

७ मे

सासू गेली. कांगवा लहान मुलासारखे रडले. आम्ही मुफुलिरात आहोत. आत चटयांवर बायका, बाहेर पुरुष, आणि माझ्या हातात सकाळपासून झारा. इतकं ऐकवलं तिने मला, तरी रडू आलं.

१० मे

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

पुरून आल्यावर सगळे घरी जमले. माझ्या वर्गातल्या बायका किट्वेहून आल्या होत्या. मयताघरी थट्टेच्या सोयऱ्यांना मान असतो. चुलीपासून खड्ड्यापर्यंतची कामं त्यांनी करायची आणि करता करता मेलेल्या माणसाची खुशाल नक्कल करायची, म्हणजे घरच्यांचं दुःख हलकं होतं. तिसाउके सकाळपासून चुलीपाशीच होती. दुपारी ती आत आली तेव्हा सासूचं चितेंगे नेसलेली, डोक्याला सासूचा रुमाल, हातात सासूची काठी. कंबरेतून वाकून, एक पाय ओढत, हुबेहूब. चटईवरच्या बायका हसून हसून आडव्या झाल्या. पुरुष दारात गोळा झाले. तिने न्शिमेला नावं ठेवली, रडणाऱ्यांना दमात घेतलं, कांगवांच्या मामांना म्हणाली, तुमचं पोट बघून वाटतं मी मेले नाही, तुम्हीच मला खाऊन टाकलंत. मीसुद्धा हसत होते.

मग ती माझ्यासमोर येऊन बसली. सासूच्याच आवाजात म्हणाली,

"शिक्षिके, तुला मी रिकामं मडकं म्हणत आले. वर गेल्यावर आमच्या म्हाताऱ्यांनी मला विचारलं, मडक्याला बोल लावत बसलीस, पण तुझ्या लेकाच्या पोत्यात पीठ तरी होतं का ते पाहिलंस का? मला माफ कर, पोरी. आणि आता कोणी तुला ऊठ म्हणालं तर उठू नकोस."

थोडं हसू उसळलं आणि बंद पडलं. शेजारपाजारचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. सासरच्या बायका मात्र आपापल्या पायांकडे बघत राहिल्या. त्यांच्यातली एकही चपापली नाही, ही काय बोलतेय असं कोणी विचारलं नाही. माझी लाज राखली त्यांनी. कांगवा दारात होते. हातातला पेला खाली ठेवून ते फाटकाबाहेर निघून गेले.

मला मेल्यासारखं झालं. जे मी सख्ख्या आईलाही सांगितलं नाही ते त्या बाईने साऱ्या गावाच्या पुढ्यात ओतलं, माझ्याच सासूचे कपडे घालून. आणि रिवाजाप्रमाणे मला रागवायचीही सोय नाही.

११ मे

तिसाउके आली होती. मी तिला अंगणातच थांबवलं.

म्हणाली, "थट्टेचा राग धरत नाहीत, मुटाले."

"थट्टा बाहेरची असते. हे तू त्या खोलीतून उचलून आणलंस."

"हो," ती म्हणाली. "आणलं."

मग तिने चुलीपाशी ऐकलेलं सांगितलं. सासरच्या बायका भाजी निवडता निवडता बोलत होत्या. मी लिव्हिंगस्टनला गेले की चिशा मुलाला घेऊन किट्वेच्या घरी येणार, आणि मी परत आले की मला माहेरचा रस्ता दाखवणार. कांगवांनीच ठरवलंय.

मी म्हटलं, तू खोटारडी आहेस. स्वतःचं पाप झाकायला माझ्या नवऱ्यावर घालतेस. आणि खरं असतं तर माझ्याकडे यायचं होतंस. माझ्या कानात सांगायचं होतंस.

"तुझ्या कानात सांगितलं असतं तर तू त्यालाच झाकलं असतंस," ती म्हणाली. "तुझ्या सासरी तोंडावर बोलायचा हक्क फक्त मला होता, आणि तोही फक्त काल."

मी दार लावून घेतलं. आत येऊन इतकी रडले की सासूसाठीही तेवढी रडले नव्हते. माझ्याबद्दल काय करायचं ते हिने एकटीने ठरवलं. मला कोणी विचारलं होतं?

१४ मे

किट्वेला परतले आणि तडक मॅडमकडे गेले. तिसाउकेविरुद्ध तक्रार दिली. मॅडमनी दोनदा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. त्या वर्गात मी विश्वासाने तोंड उघडलं होतं.

कांगवा मुफुलिरातच आहेत. फोन आला होता. चिडले नाहीत, उलट आवाज मऊ होता. शनिवारी मामांनी बैठक बोलावली आहे. म्हणाले, "तू एवढंच म्हण की त्या बाईला काही माहीत नाही, दोष तुझ्यात आहे. तू खंबीर आहेस गं, तुला जमेल. मला नाही जमणार."

मी चिशाचं विचारलं. ते म्हणाले, दुःखाच्या घरात लोक काहीही बोलतात. बरोबरच आहे. तिसाउकेला मी ओळखत नाही का? काडी मिळाली की आग लावायची.

मी शनिवारी त्यांना सांभाळून घेणार आहे. एवढी वर्षं घेतलं, आणखी एकदा.

१८ मे

बैठक झाली.

मधे मामा बसले होते, कांगवांच्या आईचे थोरले भाऊ. आमच्यात शेवटचा शब्द त्यांचा. कांगवा खाली मान घालून त्यांच्या उजवीकडे, मी समोर चटईवर. मामा म्हणाले की थट्टेचं बोलणं वाऱ्यावर सोडायचं असतं, पण शेजारी फार कुजबुजतायत, म्हणून एकदा घरच्यांपुढे साफ होऊन जाऊ दे.

कांगवा म्हणाले, "मुटालेलाच विचारा, मामा. ती खोटं बोलत नाही." आणि एन्डोलाला हात धरताना बघितलं होतं तसं माझ्याकडे बघितलं.

माझं वाक्य तयार होतं. दोष माझ्यात आहे. तोंड उघडणार तेवढ्यात एका मावशीने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "बाशी चोला, घ्या."

कांगवांनी हात पुढे करून घेतला. वरसुद्धा बघितलं नाही. कोणाला हाक मारली असं त्यांना वाटलंच नाही. नव्या नावाला माणूस पहिल्यांदा असा ओ देत नाही. ते रुळलेलं होतं. त्या घरात त्यांना बाप म्हणून कधीपासून हाक मारत होते, आणि मी त्या मुलाचे बूट बघून यांच्या अंदाजाचं कौतुक केलं होतं. एवढी शिकलेली मी, लोकांची मनं वाचायला निघालेली.

मी कांगवांकडे न बघता मामांना सांगितलं. डॉक्टरांनी दोष यांच्यात सांगितला. दोघांना समोर बसवून. आजवर मी झाकलं.

मला वाटलं होतं आता घर पडेल. कोणी हललंसुद्धा नाही. मामा तपकिरीची डबी उघडून म्हणाले, "ठाऊक आहे, पोरी. त्याला पोरवयात गालगुंड झाले, ते खाली उतरले, तेव्हापासून ठाऊक आहे. बाना कांगवालाही ठाऊक होतं. म्हणून तर चिशाचा मुलगा त्याच्या नावाने वाढवायचं ठरलं. पुरुषाला एक नाव लागतं."

मी विचारलं, "मग इतकी वर्षं मला का बोलत होता तुम्ही सगळे?"

मामांनी चिमूट नाकाला लावली. अगदी साधेपणाने, दुखवायचा हेतू नसल्यासारखे म्हणाले, "तू कधी नाही म्हणालीच नाहीस."

मी उठले. कोणी मला ऊठ म्हणालं नव्हतं. कांगवा "मुटाले" म्हणाले तेवढंच. फाटकापर्यंत कोणी आलं नाही.

३ जून

शाळेच्या आवारातली एक खोली मिळाली आहे. कांगवांना खाणीने दिलेल्या घरात चिशा आली, असं शेजारणीने सांगितलं. शिलाईचं यंत्र आणायला गेले तेव्हा चिशाने दार उघडलं. मला बघून तिने नजर खाली घातली. मला तिचा राग येईना. उद्या तिला दुसरं मूल झालं नाही की त्याच मावश्या तिलाही हेच ऐकवतील, आणि कांगवा छपरावर जाऊन पत्रा ठोकत बसतील. मला राग येतो तो त्या हातांचा. थरथरले ते खरे होते की तेही मला बांधायला, हे मला कधीच कळणार नाही. रात्रंदिवस तोच विचार पोखरतो.

आज विभागात सगळ्या वर्गासमोर सुनावणी होती. तिसाउकेने एकही सबब सांगितली नाही. मी मोडलं, म्हणाली, आणि बसली. मॅडमनी मला विचारलं, आता सगळं बघता तक्रार मागे घ्यायची आहे का? मी ती घ्यावी असं त्यांना वाटत होतं.

मी नाही म्हटलं. तिने माझं बोलणं मला न विचारता गावापुढे मांडलं. त्याने माझे डोळे उघडले म्हणून ते बरोबर ठरत नाही. सासरच्यांनीही माझ्याबद्दल मला न विचारताच ठरवलं होतं. हे मी सगळ्यांसमोर बोलले तेव्हा तिसाउकेने मान हलवली, कबूल असल्यासारखी. तिने कबूल केलं म्हणून विभागातून काढलं नाही, पण हे सत्र तिला पुन्हा करावं लागेल. शिक्षा ठरली.

मग मॅडम म्हणाल्या, तुझंही निम्मं सत्र बुडालं आहे. पुढच्या वेळी तुला नवी जोडीदार देते, वर्गातली कोणतीही निवड.

मी वर्गाकडे बघितलं. सगळ्या भल्या बायका. सगळ्यांनी उभं राहून वचन दिलेलं, आजवर कोणी मोडलेलं नाही.

"तिसाउकेच द्या," मी म्हटलं.

मॅडमनी चष्मा काढला. का म्हणून विचारलं.

"तिने मला 'माफ कर' म्हटलेलं नाही आणि मी केलेलं नाही," मी म्हटलं. "पण ती काय मोडू शकते ते मला आता ठाऊक आहे. बाकी कोणाचंच मला ठाऊक नाही."